पायाभरणीची हत्यारं कुठे गेली, एकदा शोधूया

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर एका नव्या इमारतीच्या भूमिपूजनाचा फोटो आला होता, मान्यवर मंडळी उभी, मधल्या पाहुण्यांच्या हातात नवी कोरी कुदळ, दांड्याला लाल रिबीन, आणि मागे कोपऱ्यात डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस अर्धाच दिसतोय. फोटोखाली सगळ्यांची नावं, त्या माणसाचं नाही, पण त्याबद्दल मी आज लिहीत नाहीये, म्हणजे लिहिणार आहे पण जरा पुढे. मी 36 वर्षं बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर म्हणून काढली, वडील गवंडी होते, त्यामुळे असा फोटो बघितला की माझी नजर माणसांच्या आधी हत्याराकडे जाते. आणि मनात पहिला प्रश्न हाच येतो की ही कुदळ उद्या कुठे असणार.

हा प्रश्न मला का पडतो ते सांगतो. साधारण पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आमच्या भागातल्या एका जुन्या शाळेचं दुरुस्तीचं काम आमच्याकडे होतं. (शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कुणाला दोष द्यायचा नाहीये.) रेकॉर्ड रूम रिकामी करताना लोखंडी कपाटाच्या तळाशी एक लाकडी पेटी निघाली, आत जांभळ्या मखमलीवर चांदीची करणी, म्हणजे गवंडी माल (कालवलेला चुना) पसरतो ते हत्यार. साधारण वीतभर लांब, पातं पानाच्या आकाराचं, कडेने नक्षी, आणि मधे कोरलेला मजकूर, पायाभरणीची तारीख आणि ज्यांनी दगड बसवला त्या साहेबांचं नाव. मूठ काळी पडलेली. मी ती हातात घेतली तेव्हा पात्याच्या आणि मुठीच्या सांध्यात चुन्याचा पांढरा कण अडकलेला दिसला, म्हणजे खरंच ती त्या दिवशी मालात बुडाली होती. मी पेटी ऑफिसात नेऊन दिली, रीतसर दिली, आणि सहा महिन्यांनी चौकशी केली तर कळलं की भंगार आणि जुन्या ट्रॉफ्यांबरोबर ती चांदीही वजनावर गेली, त्या पैशात शाळेला पंखे आले. पंखे गरजेचे होते, मुलं घामाघूम व्हायची, मला मान्य आहे. पण त्या सांध्यातला तो चुन्याचा कण माझ्या डोक्यातून जात नाही, आजपर्यंत गेलेला नाही. तेव्हा मी एक फोटोसुद्धा काढून ठेवला नाही याचं वाईट वाटतं.

आता मूळ विषय. गेल्या वर्षी मुलगी-जावयाकडे अमेरिकेत चार महिने होतो, व्हर्जिनियात, वॉशिंग्टन शहर तिथून जवळच. तिथे अलेक्झांड्रिया नावाचं जुनं गाव आहे, नदीकाठी, विटांच्या फुटपाथचं, आणि गावाच्या टेकडीवर जॉर्ज वॉशिंग्टनच्या नावाने फ्रीमेसन लोकांनी बांधलेलं एक उंच स्मारक आहे, 333 फूट उंच. फ्रीमेसन म्हणजे ती मंडळी जी गवंड्याच्या हत्यारांना, म्हणजे गुण्या, ओळंबा, पातळी, कंपास यांना आपली चिन्हं मानते, वॉशिंग्टन स्वतः त्यातला होता. मला जावयाने नेलं ते इमारत दाखवायला, पण मी अडकलो एका काचेच्या कपाटाशी. आत एक छोटीशी करणी, चांदीचं पातं, हस्तिदंताची मूठ. जावई म्हणाला बाबा हीच ती, 18 सप्टेंबर 1793 ला अमेरिकेच्या संसदेची, कॅपिटॉलची, पायाभरणी वॉशिंग्टनने हिनेच केली. अलेक्झांड्रियातल्याच जॉन डफी नावाच्या चांदीकाम करणाऱ्या कारागिराने ती घडवली. मी तिथे किती वेळ उभा होतो मला माहीत नाही, मुलगी शेवटी खुर्ची शोधायला लागली.

तुम्ही म्हणाल करणीत काय बघायचं एवढं. तर बघण्यासारखं हे की ती कामाची करणी नाही, हे गवंड्याच्या पोराला एका नजरेत कळतं. चांदी मऊ, विटेवर दोनदा घासली तर कड वळेल, हस्तिदंताला ओल सोसत नाही, भेगा पडतात. म्हणजे ही फक्त एका दिवसासाठी, एका हातासाठी, मालाचा एक थर पसरण्यासाठी बनवली. आणि तरीही तिचा आकार मात्र अगदी आमच्या थापीचाच, कारण काम तेच. (आमच्याकडे गवंडी थापी म्हणतात, काही भागात करणी, लिहिताना दोन्ही येतील, समजून घ्यावं.) राजाने किंवा राष्ट्राध्यक्षाने एक दिवस गवंड्याचं हत्यार हातात घ्यायचं, ही कल्पना मला फार मोठी वाटते, कुठल्याही देशात असो.

त्या दिवसाचं वर्णन घरी येऊन नातवाबरोबर बसून वाचलं. मिरवणूक निघाली, पोटोमॅक नदी ओलांडून वॉशिंग्टन आले, बँड, तोफा, मेसन लोकांच्या सभांची माणसं आपापले एप्रन बांधून. एप्रन म्हणजे परत गवंड्याचाच, कामाच्या वेळी कमरेला बांधतात तो, फक्त यांचा शोभेचा. पायाच्या खड्ड्यात दगडावर कोरीव मजकुराचा चांदीचा पत्रा ठेवला, त्यावर धान्य, वाइन आणि तेल वाहिलं. हे वाचून आमची सौ. लगेच म्हणाली, म्हणजे आपल्या अक्षता, पंचामृतासारखंच की. तिचं बरोबर आहे, जमिनीला काही तरी खाऊ घातल्याशिवाय तिच्यावर ओझं ठेवायचं नाही ही भावना सगळीकडे सारखी दिसते. मग मोठी मेजवानी, 500 पौंड वजनाचा बैल भाजला होता. मेसन विधीत दगड उतरवल्यावर गुण्या लावून काटकोन बघतात, पातळी लावून समतल बघतात, ओळंबा सोडून सरळपणा बघतात आणि मग हातोडीने ठोके मारून दगड नीट बसला असं जाहीर करतात. हे तर रोजचं आमचं साइटवरचं काम! पहिला थर लावला की मुकादम ह्याच तीन गोष्टी ह्याच हत्यारांनी बघतो, फक्त तिथे मंत्र नसतो, शिव्या असतात.

वॉशिंग्टनच्या हातातली हातोडीही जपलेली आहे, संगमरवरी डोक्याची छोटी हातोडी, ती जॉर्जटाउनच्या मेसन सभेकडे. आणि ही दोन्ही हत्यारं नुसती काचेत बसलेली नाहीत हे मला सगळ्यात आवडलं. 4 जुलै 1848 ला वॉशिंग्टन मॉन्युमेंटची, तो उंच दगडी खांब आहे ना, त्याची कोनशिला बसवली तेव्हा तीच हातोडी काढली. 1907 साली तिथल्या नॅशनल कॅथीड्रलच्या पायाभरणीला थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष हजर होते तेव्हाही तीच. 1923 ला अलेक्झांड्रियाच्या त्या स्मारकाचा दगड बसवला तेव्हा वॉशिंग्टनची करणी बाहेर काढली, 1929 ला राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी वाणिज्य खात्याच्या इमारतीला. म्हणजे एकच करणी, शंभर-दीडशे वर्षं, दर वेळी मखमलीतून काढायची, मालाला लावायची, पुसायची, परत ठेवायची. आपल्याकडे घरातली एकच पैठणी आजीपासून नातीपर्यंत प्रत्येक लग्नात नेसतात तसं. नवीन घ्यायची ऐपत नसते म्हणून कुणी जुनी नेसत नाही.

आणि आता ऐका, खरी गंमत म्हणा किंवा दुःख म्हणा, तो 1793 चा दगडच सापडत नाही. इमारत वाढत गेली, 1814 ला इंग्रजांनी जाळली, परत बांधली, पुढे बाजू वाढवल्या, घुमट बदलला, आणि या सगळ्यात मूळ कोनशिला नक्की कुठे आहे ते हरवलं. पुन्हा पुन्हा शोधली, दोनशे वर्षं भरत आली तेव्हा मेटल डिटेक्टर लावून तो चांदीचा पत्रा शोधला, पण नाहीच मिळाला. एवढी मोठी संसद, जगातली सगळ्यात ताकदवान म्हणतात ती, आणि तिचा पहिला दगड कुणाला दाखवता येत नाही, पण तो दगड बसवणारी वीतभर करणी मात्र टेकडीवरच्या कपाटात आहे. मी आयुष्यभर उलटं समजत होतो, की दगड राहतो आणि हत्यार झिजतं हरवतं. तिथे हत्यार कुणी तरी सांभाळलं म्हणून राहिलं, एवढाच फरक.

पण हे एवढंच लिहून थांबलो तर ते अर्धं होईल आणि वडिलांना आवडलं नसतं. कारण त्या चांदीच्या करणीने जेमतेम घमेलंभर माल पसरला असेल, बाकी कॅपिटॉल कुणी बांधलं? तर तिथल्या सरकारी हिशेबाच्या कागदांतच लिहिलंय, गुलामांनी. मजूर भाड्याने घेतल्यासारखे गुलाम घेतले जायचे आणि महिन्याचे साधारण पाच डॉलर त्यांच्या मालकाच्या हातात पडायचे, त्यांच्या नाही. त्यांनी व्हर्जिनियातल्या अक्विया क्रीकच्या खाणीतून वाळूचा दगड काढला, जंगल तोडलं, विटा पाडल्या, दगड घडवला. माझ्या वडिलांना आठवड्याचा पगार शनिवारी संध्याकाळी मिळायचा आणि एखाद्या शनिवारी मुकादम "पुढच्या आठवड्यात" म्हणाला तर घरात काय व्हायचं ते मी पाहिलंय, त्यामुळे हे वाचताना पोटात खड्डा पडला. ज्यांना पुढचा आठवडाच नाही त्यांचं काय.

त्यातल्या एकाची गोष्ट मात्र नावासकट टिकली. कॅपिटॉलच्या घुमटावर एक ब्राँझचा स्त्रीचा पुतळा आहे, स्वातंत्र्याचा पुतळा म्हणतात. त्याचा प्लास्टरचा साचा-नमुना रोमहून आला, पाच भागांचा, तिथे तो जोडून उभा केला होता. ओतकामासाठी परत सुटा करायची वेळ आली तर ज्या इटालियन कारागिराने जोडला तो जास्त पैसे मागायला लागला, सांधे कुठे आहेत सांगेना, प्लास्टरने झाकलेले होते. तेव्हा ओतशाळेतला फिलिप रीड नावाचा गुलाम कामगार पुढे आला, पुतळ्याच्या डोक्यावरच्या कडीला कप्पी-दोर लावला आणि हळूहळू वर ताण देत गेला, ताण पडला तसे सांध्यांच्या जागी केसाएवढ्या भेगा दिसायला लागल्या, आणि कुठे कापायचं ते कळलं. वा! हे वाचून मी खुर्चीतून उठलो. हे पुस्तकातलं ज्ञान नाही, ज्याने ओझी उचलली आहेत त्यालाच सुचतं, कप्पीवर वजन घेतलं की सांधा बोलतो हे साइटवरचा प्रत्येक फिटर सांगेल. या रीडला बाकी दिवसांची मजुरी मालकाकडे जायची, फक्त रविवारची स्वतःला, 33 रविवार, दिवसाला सव्वा डॉलर, एकूण 41.25 डॉलर. एप्रिल 1862 ला त्या शहरातली गुलामगिरी कायद्याने संपली, तो सुटला, आणि पुतळ्याचा शेवटचा भाग 2 डिसेंबर 1863 ला वर चढला तेव्हा तो स्वतंत्र माणूस होता.

कॅपिटॉलच्या अभ्यागत केंद्रात, जिथून पर्यटक आत जातात, तिथे 2012 साली या गुलाम मजुरांची आठवण म्हणून एक दगड बसवलाय. आम्ही मुद्दाम दुसऱ्यांदा गेलो तो बघायला. अक्वियाचा तोच वाळूचा दगड, जुन्या इमारतीतूनच काढलेला, आणि त्याच्यावर टाकीचे घाव अजून दिसतात. टाकी म्हणजे पाथरवटाची छिन्नी. नातवाला म्हटलं बघ, ह्याचं हत्यार नाही राहिलं पण हत्याराची सही राहिली. एक घाव जरा तिरका गेलेला, पुढचा सरळ, मग परत तिरका, म्हणजे हात दमला असेल किंवा कुणी हाक मारली असेल. चांदीची करणी आणि हा दगड या दोन गोष्टी एकाच खोलीत शेजारी शेजारी ठेवल्या पाहिजेत असं मला तिथेच वाटलं आणि तेव्हापासून हे पत्र मनात आहे.

एक छोटी गोष्ट मधेच सांगून टाकतो. न्यूयॉर्कच्या मोठ्या म्युझियममध्येही गेलो होतो, तिथे इजिप्तच्या विभागात राणी हात्शेप्सुतच्या देवळाच्या पायात पुरलेल्या वस्तू आहेत, जवळजवळ साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या. त्यात काय तर हत्यारं! वाकस म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, छिन्नी, विटा पाडायचा लाकडी साचा, मुद्दाम करून पायात ठेवलेली. विटेच्या साच्याची मूठ बघून तर मी हसलोच, आमच्या नदीकाठच्या वीटभट्टीवर लहानपणी पाहिलेला साचा जवळजवळ तसाच. राणीनेही पायात दागिन्यांबरोबर हत्यार ठेवलं, म्हणजे हत्याराला मान होता.

मग आपल्याकडे मान नव्हता का? होता, आहे. खंडेनवमीला आमच्या घरी वडील थापी, ओळंबा, गुण्या, पाणसळ, दोरीचा गुंडा सगळं विहिरीवर घासून धुवायचे, पाटावर मांडायचे, हळदकुंकू, झेंडू, आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, कितीही अडलेलं काम असो. घराच्या पायाला ईशान्य कोपऱ्यात खड्डा घेतला की आधी कुदळीची पूजा, मग नारळ वाढवायचा, पंचरत्नं, पाच विटा, आणि घरधनी गवंड्याला टॉवेल-टोपी-नारळ द्यायचा आणि वाकून नमस्कार करायचा, वयाने लहान असला तरी. जुन्या वास्तुग्रंथांतसुद्धा पहिली वीट, शंकू, सूत्र म्हणजे दोरी, पायात ठेवायचा गर्भ या सगळ्याचे विधी दिलेले आहेत. म्हणजे आपली परंपरा हत्यार पूजायची आहे, जपून ठेवायची मात्र नाही. पूजा झाली की ते परत मालात, आणि झिजलं की भट्टीत. कामाच्या हत्याराचं ते बरोबरच आहे. पण सोहळ्याच्या हत्याराचं काय?

इंग्रजांच्या काळात मुंबई-पुण्यात जे जे मोठं बांधलं गेलं त्याला करणी-हातोडीचा हा सोहळा झालेला आहे. 1843 साली जे. जे. हॉस्पिटलची कोनशिला मुंबईच्या फ्रीमेसन मंडळींनी डॉ. जेम्स बर्न्स यांच्या हस्ते मेसन विधीने बसवली, म्हणजे वॉशिंग्टनची ती रीत पन्नास वर्षांत आपल्या भायखळ्यात आली होती. 11 नोव्हेंबर 1905 ला प्रिन्स ऑफ वेल्स, नंतरचे पंचम जॉर्ज, यांनी म्युझियमची पायाभरणी केली, आज ज्याला आपण छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो ते. गेटवेची पायाभरणी 31 मार्च 1913 ला गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांनी केली आणि मजा म्हणजे तेव्हा वास्तुविशारद विटेट साहेबांचं डिझाइन मंजूरसुद्धा झालेलं नव्हतं, ते 1914 ला झालं, इमारत 1924 ला उघडली. दिल्लीचं तर त्याहून भारी, डिसेंबर 1911 ला दरबाराच्या मैदानाजवळ राजा-राणीने नव्या राजधानीचे दगड बसवले, आणि नंतर जागाच बदलली, शहर रायसीना टेकडीवर गेलं, दगड उचलून तिकडे न्यावे लागले. साइटवाल्यांना हे नवीन नाही, आधी नारळ मग नकाशा हा प्रकार आम्ही पुष्कळ पाहिलाय!

या सोहळ्यांत चांदीची करणी समारंभ झाला की पाहुण्यालाच भेट द्यायची पद्धत होती, पात्यावर नाव-तारीख कोरून, पेटीत घालून. त्यामुळे कितीतरी करण्या साहेबांबरोबर बोटीने गेल्या, त्यांच्या नातवंडांनी विकल्या, लिलावात येतात. पण सगळीच पायाभरणी लाटसाहेबांनी केली नाही. संस्थानिकांनी केली, शेठ मंडळींनी केली, नगराध्यक्षांनी, देणगीदारांनी, शाळेच्या संस्थापकांनी केली. गावोगावच्या वाचनालयाच्या, नगरपालिकेच्या, धर्मशाळेच्या, हायस्कूलच्या भिंतीत "यांच्या शुभहस्ते" असा दगड आहे, तिथे त्या दिवशी कुणाच्या तरी हातात करणी होती, आणि ती सगळीच बोटीने गेली नसणार. ती कुठे तरी वाड्याच्या माळ्यावर असेल, देवघरातल्या चांदीच्या भांड्यांत असेल, संस्थेच्या तिजोरीत ढालींच्या मागे असेल, आणि ज्याच्याकडे आहे त्याला ती केक कापायची सुरी वाटत असेल. हे मी उगाच लिहीत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात चांदीचा चपटा चमचा म्हणून दिवाळीला अनारशांच्या ताटात ठेवतात ती वस्तू मी हातात घेऊन बघितली, मागे काळवंडलेल्या अक्षरांत साल होतं आणि "पायाचा दगड" एवढं वाचता आलं. त्या काकूंना सांगितलं तर त्यांचे डोळे भरले, म्हणाल्या सासरे कुठल्याशा धर्मशाळेला देणगी द्यायचे एवढं ऐकलं होतं. आता ती अनारशांच्या ताटात नसते.

म्हणून माझी संपादक महोदय आपल्याला आणि आपल्यामार्फत सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. एक तर आपल्या पेपरने वाचकांना आवाहन करावं, की घरात, संस्थेत, शाळेत, नगरपालिकेत अशी करणी, हातोडी, कुदळ, घमेलं काहीही असेल तर त्याचा फोटो आणि त्यावरचा मजकूर पाठवा. वस्तू कुणी मागत नाहीये, ज्याची त्याच्याकडेच राहू दे, फक्त नोंद होऊ दे, आणि कृपा करून ती चांदीच्या भावात मोडू नका, अगदीच अडचण असेल तर आधी जवळच्या म्युझियमला विचारा, आणि पॉलिशवाल्याकडे तर मुळीच देऊ नका, सांध्यात चुना असेल तर तो तसाच राहू द्या, तोच तिचा दाखला आहे. शंभर वर्षं झालेल्या शाळा-कॉलेजांनी शताब्दीला स्मरणिका छापताना एक पान या हत्याराला द्यावं, कपाटं उघडून बघावीत. नवीन इमारत बांधणाऱ्यांनी दर वेळी नवी कुदळ आणि नवी रिबीन घेण्यापेक्षा एक चांगली करणी करून घ्यावी, स्टीलची करा, पितळेची करा, चांदीच पाहिजे असं नाही, आणि गावातल्या प्रत्येक सार्वजनिक कामाच्या पायाला तीच वापरावी, दर वेळी मागे एक तारीख कोरत जावी. वीस-तीस वर्षांत त्या पात्यावर गावाचा इतिहास तयार होईल, ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवायला जागा पण किती लागते?

आणि दुसरी विनंती, पहिलीपेक्षा मला जास्त जवळची. जिथे अशी मानाची करणी काचेत ठेवाल तिथे शेजारी एक खरी थापीही ठेवा, वापरलेली, झिजलेली, त्या इमारतीवर काम केलेल्या माणसाच्या घरातून मिळाली तर उत्तमच, आणि त्याचं नाव माहीत असेल तर नाव. आज जी कामं चालू आहेत तिथे हे सहज होण्यासारखं आहे, मस्टर असतं, हजेरीचं रजिस्टर असतं, हेड गवंडी कोण ते सगळ्यांना माहीत असतं. कोनशिलेवर दहा ओळी असतात त्यात अकरावी ओळ गवंड्याची घातली तर दगड काही छोटा पडत नाही, मी स्वतः कोरून घेतलेत दगड, मला माहितीये. आज आपल्या साइटवर काम करणारा माणूस बहुतेक वेळा लांबून आलेला असतो, मराठवाड्यातला, बिहारचा, बंगालचा, पावसाळ्यात गावी जातो, त्याचं नाव आज नाही लिहिलं तर वर्षभराने सांगायला कुणी नसतं. फोटोतल्या त्या टॉवेलवाल्या माणसाबद्दल पुढे लिहितो म्हटलं होतं ना, ते हेच.

सुरुवात स्वतःपासून करावी म्हणून पत्रासोबत दोन फोटो पाठवतोय, जागा असेल तर छापा. दोन्हीत वडिलांची थापी आहे. पातं मूळ साडेदहा इंची होतं, आता पावणेआठ उरलंय, आणि डावी कड उजवीपेक्षा जास्त झिजलीये कारण ते उजव्या हाताने विटेवर त्याच बाजूने माल ओढायचे, चाळीस वर्षं. बाभळीची मूठ, दोनदा बदललेली, अंगठा टेकायच्या जागी खोलगट खड्डा पडलाय, माझा अंगठा त्यात बरोबर बसत नाही, त्यांचा हात मोठा होता. आमच्या गावच्या मराठी शाळेचं जोतं, दवाखान्याच्या दोन खोल्या आणि एसटी स्टँडची मागची भिंत याच थापीने झालेली आहे, त्यातली भिंत अजून उभी आहे. जवळच्या एखाद्या छोट्या म्युझियमला ही हवी असेल तर मी स्वतः आणून देईन, फक्त खंडेनवमीच्या दिवशी तिच्यावर एक झेंडूचं फूल ठेवायची परवानगी द्यावी.

आपला,
एक जुना वाचक
(निवृत्त साइट सुपरवायझर, जि. सातारा)